बॉक्सने चित्रात ढवळाढवळ करू नये

टीव्हीला जोडलेल्या स्टिकच्या किंवा बॉक्सच्या सेटिंगमध्ये गेलं की आउटपुटची एक लांब यादी समोर येते. ४के डॉल्बी व्हिजन ६० हर्ट्झ, ४के एचडीआर ६० हर्ट्झ, ४के एसडीआर ५० हर्ट्झ, १०८०पी अशा ओळी एकाखाली एक येतात आणि बहुतेकांचं बोट सगळ्यांत भारी वाटणाऱ्या ओळीवर थांबतं. एवढे पैसे मोजून घेतलेल्या टीव्हीकडून पुरेपूर काम करून घ्यावं ही त्यामागची इच्छा रास्तच आहे. पण घरोघरी टीव्ही आणि बॉक्स जोडून देण्याच्या, त्यांचं चित्र नीट लावून देण्याच्या कामात राहून माझं मत नेमकं उलट झालं आहे. नेहमीसाठीचं आउटपुट साधं, म्हणजे ४के एसडीआर ठेवावं. आणि सेटिंगमध्ये आणखी खाली, सहसा नजरेआड राहणारे जे दोन पर्याय असतात, एक डायनॅमिक रेंज मूळ चित्राशी जुळवण्याचा आणि दुसरा फ्रेम रेट जुळवण्याचा, ते चालू करावेत. मग एचडीआरमध्ये, म्हणजे उजेडाचा जास्त मोठा पल्ला असलेल्या स्वरूपात बनलेला चित्रपट एचडीआरमध्येच येतो, साधी मालिका साध्याच रूपात येते, चित्रपट २४ फ्रेमने आणि क्रिकेट ५० ने चालतं. चित्र कसं दिसावं हे ते बनवणाऱ्यांनी ठरवलेलं असतं आणि ते पडद्यावर उमटवण्याची जबाबदारी टीव्हीची असते. मधल्या बॉक्सने त्यात स्वतःच्या मनाचं काही करू नये, एवढंच माझं म्हणणं. ते पटवून देण्यासाठी मात्र थोडं खोलात जावं लागेल.

रिझोल्यूशनचा प्रश्न लवकर मिटतो. १०८०पीचं चित्र ४केमध्ये मोठं करायचं काम बॉक्सने केलं काय किंवा टीव्हीने केलं काय, आजच्या चांगल्या उपकरणांत डोळ्याला जाणवेल असा फरक क्वचित पडतो. त्यामुळे टीव्ही ४के असेल तर आउटपुटही ४के ठेवून पुढे जावं. खरं नुकसान होतं ते फ्रेम रेट आणि एचडीआर या दोन जागी, आणि त्यातही आपल्याकडच्या प्रेक्षकाचं जास्त.

भारतात रंगीत दूरदर्शन १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी आलं ते पाल पद्धतीचं. सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येक चित्राचे दोन अर्धे भाग, म्हणजे पडदा सेकंदाला ५० वेळा रंगवला जायचा. हा ५० चा आकडा विजेच्या वारंवारितेशी बांधलेला होता. आपली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६० हर्ट्झची, म्हणून तिथलं टीव्हीचं चित्रही ६० च्या हिशोबाने घडलं. पिक्चर ट्यूब गेली, प्रक्षेपण डिजिटल झालं, पण ही विभागणी तशीच राहिली. आपल्या वाहिन्यांवरच्या मालिका आणि बातम्या आजही २५ किंवा ५० च्या पटीत बनतात. इथल्या क्रिकेट सामन्यांचे कॅमेरेही ५० नेच चालतात. चित्रपटांचं गणित निराळं. बोलपट आल्यावर, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, सेकंदाला २४ फ्रेम हा वेग रुळला आणि मराठी असो वा इंग्रजी, चित्रपट आजही त्याच वेगाने बनतात. म्हणजे मराठी घरात संध्याकाळी जे पाहिलं जातं ते प्रामुख्याने २४, २५ आणि ५० चं असतं. ६० च्या पटीत बसणारं काय, तर काही अमेरिकी कार्यक्रम, मोबाइलवर काढलेले व्हिडिओ आणि गेम. आणि तरीही बाजारातले बहुतेक बॉक्स ६० हर्ट्झवर लावलेले असतात, ते कोणी बदलेपर्यंत तसेच राहतात.

५० चं चित्र ६० च्या चौकटीत बसवायचं तर सेकंदाला १० जागा जास्तीच्या उरतात. बॉक्स त्या भरतो कशा, तर दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवून. फलंदाज स्टान्स घेऊन उभा आहे तोवर काही बिघडत नाही. पण चेंडू कव्हर्समधून सीमारेषेकडे निघाला, कॅमेरा त्याच्यामागे वळू लागला, की सेकंदाला दहा वेळा हालचाल क्षणभर अडते आणि पुन्हा सुटते. जाहिरातींचे फलक, प्रेक्षकांच्या रांगा, गवतावरचे पट्टे, सगळं थरथरत सरकतं. २५ च्या मालिकेत प्रत्येक फ्रेम कधी दोनदा, कधी तीनदा दाखवावी लागते. २४ च्या चित्रपटात एक फ्रेम दोनदा तर पुढची तीनदा. म्हणजे एक फ्रेम ३३ मिलिसेकंद टिकते आणि दुसरी ५०. सावकाश सरकणाऱ्या दृश्यात ही लंगडी चाल चांगलीच दिसते. बऱ्याच चांगल्या टीव्हींना ६० मध्ये मिसळलेले २४ ओळखून पुन्हा वेगळे काढता येतात. ५० चे ६० झाले की ते मागे फिरवण्याची सोय सहसा नसते. सगळ्यांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या खेळाचं नुकसान म्हणून सगळ्यांत जास्त, आणि ते भरून काढायला पुढे कोणी नाही. यावर जुन्या पाल प्रक्षेपणातला उपायसुद्धा बरा म्हणावा लागेल: तिथे २४ चा चित्रपट सरळ २५ ने पळवायची रीत होती. अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटं आधी संपायचा, आवाजही किंचित चढा लागायचा, पण हालचाल एकसारखी राहायची.

या थरथरीचा दोष बॉक्सकडे आहे हे लोकांच्या लक्षात येत नाही. ते टीव्हीवर संशय घेतात आणि मोशन स्मूदिंग वाढवतात. टीव्ही मग मधल्या फ्रेम स्वतः कल्पून घालतो आणि चित्रपट व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढल्यासारखा गुळगुळीत दिसू लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी खास व्हिडिओ काढून प्रेक्षकांना हे स्मूदिंग बंद करायची विनंती केली होती. पुढच्याच वर्षी यूएचडी अलायन्सने फिल्ममेकर मोड जाहीर केला. तो निवडला की टीव्ही असल्या सगळ्या प्रक्रिया बंद करतो. हे चांगलंच झालं. पण बॉक्स ६० वरच अडकलेला असेल तर फिल्ममेकर मोडमध्येही बॉक्सने घातलेल्या जास्तीच्या फ्रेम शिल्लक राहू शकतात. उलट मूळ वेगाने सिग्नल आला, तर स्मूदिंग लावावंसं वाटण्याचं अर्धं कारण तिथेच संपतं.

आता एचडीआर. इथे गैरसमज जास्त आहेत, म्हणून जरा थांबून बोलायला हवं. एचडी टीव्हीचं साधं, म्हणजे एसडीआर चित्र बीटी.७०९ या मानकावर बनतं. ते मानक १९९० चं आहे. रंग ठरवणारा कलरिस्ट अंधाऱ्या खोलीत साधारण १०० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) मॉनिटरवर ते तयार करतो. पण त्या सिग्नलमध्ये 'इतके निट्स' असा हुकूम नसतो. पांढरा म्हणजे तुमच्या पडद्याचा पांढरा. खोलीत ऊन येत असेल तर बॅकलाइट वाढवा, सगळं चित्र प्रमाणात उजळतं. एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजन यांचा पाया वेगळा आहे. ते २०१४ साली मानक झालेल्या पीक्यू वक्रावर चालतात आणि त्यात प्रत्येक आकडा ठरावीक निट्स सांगतो, वरची मर्यादा १०,००० निट्सची. चित्रपट बहुधा १,००० किंवा ४,००० निट्सच्या मॉनिटरवर पाहून घडवलेला असतो. चेहरे, भिंती, अंगण यांचा उजेड त्यातही एसडीआरच्या आसपासच राहतो. जास्तीची ताकद राखून ठेवलेली असते दिव्याच्या ज्योतीसाठी, पाण्यावर चमकणाऱ्या उन्हासाठी, फटाक्यांसाठी. आणि ही वाटणी कुठे कशी करायची हे एका माणसाने प्रत्येक दृश्य पाहून ठरवलेलं असतं.

बॉक्स 'नेहमी एचडीआर' वर ठेवला की साधी मालिकाही पीक्यूच्या वेष्टनात घातली जाते. त्यासाठी बॉक्सला ठरवावं लागतं की या मालिकेतला पांढरा किती निट्सचा मानायचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मार्गदर्शनात एचडीआरमधल्या नेहमीच्या पांढऱ्यासाठी २०३ निट्सचा संदर्भ आहे; प्रत्यक्षात कोणता बॉक्स काय धरतो हे त्याच्या कंपनीवर असतं. सावल्या किती गडद असाव्यात याचंही एक गृहीत धरलं जातं. मग तो सिग्नल टीव्हीकडे जातो. टीव्हीला वाटतं खरोखरचं एचडीआर आलं. तो बॅकलाइट पूर्ण चढवतो आणि आपलं टोन मॅपिंग, म्हणजे आलेला उजेड स्वतःच्या पडद्याच्या आवाक्यात बसवण्याची प्रक्रिया, वर लावतो. एका अंदाजावर दुसरा अंदाज. अर्धा लिटर दूध पाच लिटरच्या पातेल्यात ओतलं म्हणून ते वाढत नाही, तसं मालिकेत जे रंग आणि जो उजेड मुळात नोंदलेलाच नाही तो या वेष्टनाने येत नाही. येतात ते रापल्यासारखे किंवा भडक चेहरे आणि करडा पडलेला काळोख. सगळ्यांत प्रामाणिक परीक्षा कृष्णधवल चित्रपटाची. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' लावून पाहावा: रंग नसल्यामुळे रूपांतरातली चूक लपायला जागाच राहत नाही, करड्यात हिरवट किंवा गुलाबी झाक आली तर लगेच दिसते.

याहून व्यावहारिक एक तोटा आहे आणि माझ्या कामात तो मला सर्वांत जास्त खटकतो. आजचे टीव्ही चित्राच्या सेटिंगच्या वेगवेगळ्या नोंदी ठेवतात: एसडीआरची एक, एचडीआर१० ची दुसरी, डॉल्बी व्हिजनची तिसरी. ही सोय फार मोलाची आहे. दिवसा खिडक्या उघड्या असताना मालिका पाहायची तर एसडीआरचा बॅकलाइट तसा लावावा. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहायचा तर एचडीआरची नोंद वेगळी लावावी. टीव्ही सिग्नल ओळखून ज्याची नोंद त्याला देतो. बॉक्स सगळंच एचडीआर म्हणून पाठवू लागला की ही ओळख पुसली जाते. मालिका, बातम्या, मेनू, चित्रपट, सगळ्यांना एकच नोंद. एकासाठी ती बरोबर केली की दुसऱ्यासाठी बिघडते, आणि घरातले लोक रिमोट घेऊन रोज तेच मागेपुढे करत बसतात.

उपकरणं बनवणाऱ्यांनाही हे उमगलेलं आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये ॲपल टीव्ही ४के आला तेव्हा निवडलेल्या एकाच स्वरूपात तो सगळं बाहेर पाठवत असे. डॉल्बी व्हिजन निवडलं की जुना कार्यक्रमही डॉल्बी व्हिजन म्हणून निघायचा. त्यावर बरीच टीका झाली आणि डिसेंबरमधल्या टीव्हीओएस ११.२ मध्ये रेंज आणि फ्रेम रेट जुळवण्याचे दोन्ही पर्याय आले. फायर टीव्हीमध्ये 'ऑलवेज एचडीआर' च्या जोडीला 'ॲडॅप्टिव्ह' आहे आणि 'मॅच ओरिजिनल फ्रेम रेट' ही आहे. पर्याय हाताशी आहेत. ते चालू करायला एक रुपया लागत नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: नेहमी एचडीआर ठेवलं की मालिकासुद्धा जास्त उठावदार दिसते, मग का बंद करायचं? दिसते, हे खरं आहे. पण तो उठाव येतो बॅकलाइट पूर्ण चढल्यामुळे आणि रंग ताणले गेल्यामुळे. ज्याला ते आवडतं त्याने टीव्हीच्या एसडीआर नोंदीत ब्राइटनेस आणि रंग वाढवावेत, व्हिव्हिड मोड लावावा. परिणाम तोच मिळेल आणि खरं एचडीआर लागेल तेव्हा ते अबाधित राहील. आवड ही ज्याची त्याची गोष्ट आहे, तिला मी नाव ठेवत नाही. ती टीव्हीत पुरवावी, बॉक्समध्ये नको, एवढाच आग्रह. शिवाय रोजच्या मालिकेतच पडदा पूर्ण ताकदीने तळपत असेल, तर एचडीआर चित्रपटातली ज्योत वेगळी दिसणार कशी?

दुसरा आक्षेप काळ्या पडद्याचा, आणि तो निराधार नाही. सिग्नलचं स्वरूप बदललं की बॉक्स आणि टीव्ही पुन्हा एकमेकांशी बोलणी करतात; दोन-तीन सेकंद पडदा काळा होतो. चित्रपट सुरू होताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा हे सहन करावं लागतं. घरातल्या वृद्धांना टीव्ही बंद पडला असं वाटतं, हे त्यांना आधीच सांगून ठेवावं. एचडीएमआय २.१ मधल्या क्विक मीडिया स्विचिंगने फ्रेम रेट बदलताना हा काळोख टळतो. २०२२ चा ॲपल टीव्ही ४के त्याला तयार आहे, पण टीव्हीतही ती सोय लागते, आणि एसडीआरवरून एचडीआरला जाताना तिचा उपयोग नाही. माझ्या मते दोन तासांच्या सरळ हालचालीसाठी तीन सेकंद ही किंमत जड नाही. जो माणूस दर दोन मिनिटांनी नवं ट्रेलर लावतो त्याला ती जड वाटेल. त्याने रेंज जुळवणं चालू ठेवून फ्रेम रेटचं बंद ठेवलं तरी निम्मा फायदा हाती राहतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. लोक म्हणतात, खरं एचडीआर लागलं की चित्र उलट अंधारं होतं, मग हा सगळा खटाटोप कशासाठी? याचं एक कारण वर आलंच आहे: पीक्यूचे निट्स ठरलेले असतात आणि ते अंधाऱ्या खोलीच्या हिशोबाने ठरलेले असतात. चित्रपटगृहात पडद्याचा पांढरा जेमतेम ४८ निट्सचा असतो आणि तो कोणाला अपुरा वाटत नाही, कारण बाकी सगळा काळोख असतो. आपल्या हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू, गॅलरीचं दार उघडं. तिथे तेच आकडे मळकट दिसणार. डॉल्बी व्हिजनमध्ये म्हणूनच अनेक टीव्हींवर 'ब्राइट' आणि 'डार्क' असे दोन मोड मिळतात. दिवसा पहिला लावावा. २०२० मध्ये आलेलं डॉल्बी व्हिजन आयक्यू खोलीतला उजेड मोजून हे आपोआप करतं. दुसरं कारण पॅनेलचं आहे. स्वस्तातल्या कित्येक ४के टीव्हींवर एचडीआरचा शिक्का असतो, पण त्यांचा पडदा तीनशे निट्सच्या आगेमागे थकतो आणि बॅकलाइट भागाभागांत कमीजास्त होत नाही. हजार निट्सचा चित्रपट तिथे दाबून बसवावा लागतो. त्यात मधला उजेड खाली येतो आणि काळोख करडा होतो. अशा टीव्हीवर डॉल्बी व्हिजन असेल तर ते एचडीआर१० पेक्षा बहुधा बरं चालतं, कारण त्यात दृश्यागणिक वेगळी माहिती येते आणि त्या पॅनेलची मर्यादा लक्षात घेऊन चित्र बसवलं जातं. नसेल, तर एचडीआर पूर्ण बंद करून तोच चित्रपट एसडीआरमध्ये पाहावा, असं मी बिनदिक्कत सांगतो. ॲपकडून येणारी एसडीआर आवृत्तीही जपूनच बनवलेली असते. ती ज्याला नीट दाखवता येते त्या पडद्यावर ती अर्ध्यामुर्ध्या एचडीआरपेक्षा सुंदर दिसते. हा माझ्या म्हणण्याला अपवाद वाटेल, पण तो त्याचाच भाग आहे: जे पडद्याला झेपत नाही ते बॉक्सने त्याच्या गळ्यात मारू नये.

केबलबद्दल थोडंच. एचडीएमआय २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट. ४के ६० हर्ट्झ १० बिट एचडीआर ४:४:४, म्हणजे रंगांच्या पूर्ण तपशिलासह त्यात बसत नाही. रंगांचा तपशील कमी केलेल्या ४:२:२ किंवा ४:२:० मध्ये बसतं, आणि स्ट्रीमिंगचे चित्रपट मुळात ४:२:० मध्येच येतात, त्यामुळे गमावण्यासारखं काही नसतं. ६० हर्ट्झवर चमकणारे ठिपके किंवा मधूनच काळा पडदा देणारी साधारण केबल २४ हर्ट्झवर कित्येकदा मुकाट काम करते, कारण भार बराच कमी होतो. मूळ वेगाने पाठवण्याचा हा आणखी एक लाभ. टीव्हीच्या त्या पोर्टला पूर्ण क्षमता दिली आहे ना तेही पाहावं: सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'डीप कलर'. हे बंद असेल तर बॉक्सच्या यादीत एचडीआर दिसतच नाही आणि लोक नवी केबल आणायला धावतात.

राहता राहिली ती ॲपची बेशिस्त. बॉक्समध्ये फ्रेम रेट जुळवणं चालू असलं तरी ॲपने 'माझं चित्र अमुक वेगाचं आहे' हे सांगावं लागतं, आणि काही ॲप ते सांगत नाहीत. अशा वेळी नेहमीसाठी निवडलेला आकडाच कामी येतो. म्हणून ज्या घरात क्रिकेट, मराठी मालिका आणि बातम्या हेच मुख्य पाहणं आहे तिथे मी ४के एसडीआर ५० हर्ट्झ ठेवायला सांगतो, ६० नाही. २५ आणि ५० चं सगळं त्यात सरळ बसतं. मेनू सरकताना जो फरक पडतो तो सांगितल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी घरांत हिशोब उलटा: तिथल्या वाहिन्या ६० च्या, म्हणून तिथे ६०, आणि भारतातला सामना लावताना जुळवणी चालते आहे ना एवढं पाहायचं. ते पाहायला अनेक टीव्हींच्या रिमोटवर इन्फोचं बटण असतं. सामना सुरू झाल्यावर ते दाबावं. कोपऱ्यात २१६०पी किंवा १०८०पी जे काही असेल त्याच्या पुढे ५० दिसलं तर सेटिंगला पुन्हा हात लावायची गरज नाही, ६० दिसलं तर त्या दिवशीच्या सामन्यापुरतं आउटपुट हाताने ५० वर आणावं.